फुटपाथवरच्या माणसाला औषध लिहून देताना

'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर' हे चार शब्द आपण चिठ्ठीवर इतक्या सवयीने लिहितो की त्यात काय काय धरून चाललो आहोत ते लक्षातच येत नाही. तीन जेवणं. गोळी गिळायला पाणी. वेळ कळायला घड्याळ. गोळ्या ठेवायला फळी. पोट बिघडलं तर जवळ संडास. आणि रात्री गुंगी आली तर आतून लावून घ्यायला दार. समोरच्या माणसाकडे यातलं काय आहे आणि काय नाही, हे कळल्याशिवाय त्याचं औषध ठरत नाही.

मी जनरल प्रॅक्टिस करते आणि संध्याकाळी दादर, परळ, भायखळा या पट्ट्यात पुलांखाली आणि फुटपाथवर रुग्ण बघते. आमच्याबरोबर नवे डॉक्टर येतात, बरेचसे नुकतीच इंटर्नशिप संपवलेले. निदान त्यांना येतं, डोसही पाठ असतात, अडतं त्याच्या पुढे. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. इथले डोस प्रौढांचे आहेत. मूत्रपिंड, यकृत, गरोदरपण यांची नेहमीची खातरजमा रस्त्यावरही करायचीच.

आधी कालचा दिवस विचारा

निदान झालं की पेन खाली ठेवा आणि काल काय झालं ते विचारा. 'रोज जेवता ना?' असं विचारलंत तर सगळे हो म्हणतात. डॉक्टरसमोर उपाशी असल्याचं कोण सांगणार? 'काल दुपारी काय खाल्लं? कुठे?' असं विचारलं की खरं उत्तर येतं. मुंबईत रस्त्यावरच्या जेवणाचं वेळापत्रक असतं आणि ते तुम्हाला माहीत हवं. माहीमच्या दर्ग्याजवळच्या खाणावळींसमोर माणसं रांगेने बसलेली असतात, कोणी दाता पैसे भरून गेला की त्यांना जेवण मिळतं. दादरच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या आसपास पेढे, लाडू, केळी मिळतात. म्हणून मधुमेह असलेल्या माणसाची मंगळवारी रात्री शुगर वाढलेली दिसली तर लगेच गोळी वाढवू नका. बुधवारी तो दिवसभर चहावर असेल.

दुसरा प्रश्न झोपेचा. हा मी कधीच सोडत नाही. 'रात्री जागं राहावं लागतं का?' एका स्टेशनबाहेर राहणाऱ्या बाईंच्या केसपेपरवर आधीच्या कुणी 'औषध घेत नाही' असा शेरा मारला होता. अंगाला खाज आणि पायांना मुंग्या म्हणून त्यांना सेटिरिझिन आणि अॅमिट्रिप्टिलिन दिलेली होती. बाईंची मुलगी वयात आलेली. शेवटची लोकल गेल्यावर स्टेशनबाहेर कोण कोण फिरतं हे त्या जाणून होत्या. गोळी घेतली की डोळा लागायचा, म्हणून त्या घेत नव्हत्या. त्यांचा निर्णय अगदी बरोबर होता. खाजेचं मूळ खरूज होतं, तिचा इलाज केला, मुंग्यांसाठी गुंगी न आणणारा मार्ग शोधला, आणि औषध नियमित सुरू झालं. गुंगी आणणारं कुठलंही औषध, मग ते साधं सर्दीचं क्लोरफेनिरामिन का असेना, रस्त्यावर झोपणाऱ्या बाईला लिहिण्याआधी हा प्रश्न विचारा. पुरुषांनाही विचारा, गुंगीत चप्पल जाते, मोबाइल जातो, कधी आधार कार्डाची पिशवीच जाते.

तिसरा प्रश्न संडासाचा. विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच. रस्त्यावरच्या बायका दुपारनंतर पाणी पिणं कमी करतात, कारण रात्री जायला जागा नसते आणि अंधारात एकटं जाणं धोक्याचं असतं. त्यांना लघवी वाढवणारी गोळी दिलीत तर दोनपैकी एकच होणार: गोळी बंद होईल किंवा पाणी आणखी कमी होईल. दुसरं झालं तर एप्रिल-मेच्या उन्हात मूत्रपिंडावर येतं. मूत्रल द्यावंच लागलं, हृदयाच्या सुजेला ते लागतंच, तर सकाळी लवकर द्या आणि सार्वजनिक शौचालय किती वाजता उघडतं, तिथे किती पैसे घेतात, हे आधी विचारून घ्या.

मग सामान. गोळ्या कुठे राहणार? फुटपाथ रिकामा करायला गाडी येते तेव्हा गाठोडं जातं, आणि गाठोड्याबरोबर महिन्याची औषधं जातात. भिकेच्या कायद्याखाली, म्हणजे महाराष्ट्रात अजून चालू असलेल्या १९५९च्या कायद्याखाली, माणसालाच उचललं तर तो एकीकडे आणि गोळ्या दुसरीकडे. म्हणून औषध दोन ठिकाणी ठेवायला सांगा: थोडं अंगावर, बाकीचं टपरीवाल्याकडे किंवा ओळखीच्या दुकानात. स्ट्रिप कापून सुट्या गोळ्या पुडीत देऊ नका, पावसाळ्यात त्यांचा लगदा होतो. काचेच्या बाटलीतलं पातळ औषध शक्यतो टाळा.

शेवटी दारू. आवाज न चढवता, भुवई न उंचावता विचारा. उत्तर काहीही आलं तरी चेहरा तोच ठेवा. पिणाऱ्या माणसाला पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत ठेवायची, उपाशीपोटी डायक्लोफेनॅक द्यायचं नाही, मेटफॉर्मिनचा दोनदा विचार करायचा. हे सगळं त्या उत्तरावर ठरतं, त्यामुळे ते खरं मिळालं पाहिजे.

डोस चुकणार आहे, हे धरून औषध निवडा

रक्तदाबासाठी मी बहुतेकदा अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमपासून सुरू करते. तिचं रक्तातलं अर्धायुष्य ३० ते ५० तासांचं आहे, त्यामुळे एक दिवस चुकला तरी दाब एकदम उसळत नाही. जेवणाशी तिचा संबंध नाही, सरकारी दवाखान्यात मिळते. एक अडचण आहे: पायाला सूज येते, आणि बसून झोपणाऱ्या माणसाचे पाय आधीच सुजलेले असतात. तेव्हा सुरू करण्याआधी पाय बघून नोंद करून ठेवा. जोडीला टेल्मिसार्टन चालते, तीही दिवसातून एकदाच. पण जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हात पाणी मिळालं नाही तर ती थांबवायची, हे तोंडी दोनदा सांगा. क्लोनिडीन रस्त्यावर नको. ती अचानक सुटली तर दाब आधीपेक्षा वर जातो, आणि इथे औषध अचानकच सुटतं. अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांचंही तेच, विशेषतः छातीत दुखणाऱ्या माणसात.

मधुमेहात सर्वांत जास्त जपायचं ते शुगर उतरण्याला. घरात शुगर उतरली तर कुणीतरी तोंडात साखर घालतं. फुटपाथवर घामाघूम होऊन लडखडणारा माणूस दारुडा समजला जातो आणि लोक वळसा घालून पुढे जातात. म्हणून ग्लिबेनक्लेमाइड मी लिहीतच नाही. ग्लिमेपिराइड लागलीच तर कमीत कमी डोस, आणि एकच नियम त्यांच्याकडून म्हणवून घेते: 'खाल्लं तर गोळी, नाही खाल्लं तर नाही.' मेटफॉर्मिन दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅम, सावकाश सुटणारी. सुरुवातीला पोट ढिलं होतं, म्हणून आठवडाभर वाढवत नाही. संडासाचा प्रश्न आठवा. डापाग्लिफ्लोझिन पेटंट संपल्यावर स्वस्त झाली आणि हल्ली सगळीकडे लिहिली जाते, पण या रुग्णांसाठी मला ती धोक्याची वाटते: लघवी वाढते, अंघोळ मिळत नसेल तर जांघेत बुरशी होते, आणि उपाशी माणसात कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठून जिवावर बेतणारी अवस्था, होऊ शकतो, तोही शुगर फारशी वाढलेली नसताना. त्यापेक्षा सिटाग्लिप्टिन बरी. २०२२ साली तिचं पेटंट संपलं, जनऔषधी केंद्रात ती परवडणाऱ्या दरात मिळते, जेवणावर अवलंबून नाही आणि एकटी दिली तर शुगर पाडत नाही. लक्ष्यही जरा सैल ठेवा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारा आकडा, ८च्या आसपास आला तर मी समाधान मानते. ६.५चा हट्ट धरून रात्री दोन वाजता कुणी पुलाखाली बेशुद्ध पडावं, हे मला नको आहे.

इन्सुलिनवर थोडं थांबते, कारण 'फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन नाही' असं सर्रास सांगितलं जातं. उघडलेली कुपी ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. मुंबईत हिवाळ्यात आणि भर पावसात हे फुटपाथवरही जमतं. उन्हाळ्यात मडकं लागतं: कुपी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी छोट्या मडक्यात, मडक्याला ओलं फडकं, सावलीत. मडकं टपरीवर ठेवा. टपरीवाला तयार असतो, फक्त त्याला विचारायला डॉक्टरने स्वतः गेलं पाहिजे. आपल्याकडच्या सरकारी कुप्या बहुधा ४० युनिटच्या असतात आणि त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते. केशरी टोपणाची १०० युनिटची सिरिंज हातात पडली तर डोस अडीच पटीने चुकतो, म्हणून कुपी आणि सिरिंज नेहमी एकत्रच द्या. सुई सापडली की पोलिसांना गर्दुल्ल्याचा संशय येतो. 'यांना मधुमेह आहे, इन्सुलिनसाठी सिरिंज बाळगतात' असं सही-शिक्क्याचं पत्र सोबत द्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमा करायच्या आणि आपण परत न्यायच्या.

दम्याला रोटाकॅप, म्हणजे ओढून घ्यायच्या पावडरच्या कॅप्सूल, पावसाळ्यात दमट होतात, पंपच बरा. पंपाला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाइतकं भोक पाडा, पंप घट्ट बसवा आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यायला लावा. काम उत्तम होतं आणि हरवली तर दुसरी बाटली शोधायला वेळ लागत नाही.

खरजेला परमेथ्रिन मलम पुस्तकात बरोबर आहे, पण गळ्यापासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवायचं तर आडोसा हवा आणि सकाळी अंघोळ हवी. म्हणून त्याऐवजी आयव्हरमेक्टिनची गोळी: वजनाच्या किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला १२ मिलिग्रॅम, आठ ते चौदा दिवसांनी पुन्हा एकदा. गरोदर बाईला नाही, १५ किलोखालच्या मुलाला नाही. मुख्य म्हणजे जितकी माणसं जवळजवळ झोपतात तितक्यांना एकाच संध्याकाळी. कपडे, गोधडी उकळणं शक्य नसेल तर मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवायला सांगा.

२६ जुलै २००५च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाने, मुंबईत काय केलं ते त्या वेळी इथे असलेल्या डॉक्टरांना आठवत असेल. पाणी तुंबलं की फुटपाथवरची माणसं त्यातच उभी असतात, पायाला जखमा असतातच. पाण्यातून गेल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅमचा एक डोस, गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या मुलांना त्याऐवजी अॅझिथ्रोमायसिन. डॉक्सी कोरडी गिळून लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत चिकटून व्रण होतो. म्हणून ती मी समोर पाण्याच्या पूर्ण ग्लासाबरोबर घ्यायला लावते आणि थोडा वेळ बसूनच राहायला सांगते.

क्षय

क्षयाची औषधं आपण लिहीत नाही, जवळच्या केंद्रातून सुरू करतो. पण सहा महिने ती पोटात जातील की नाही हे बरंचसं आपल्यावर असतं. डोस वजनावर ठरतो: ३५ ते ४९ किलोला ३ गोळ्या, ५० ते ६४ किलोला ४. वजनकाटा सोबत ठेवा, कारण खायला मिळू लागलं की वजन वाढतं आणि गोळ्यांची संख्या बदलावी लागू शकते. पहिल्याच दिवशी सांगा की लघवी केशरी होईल. सांगितलं नाही तर रक्त समजून माणूस गोळ्या फेकून देतो. उपाशीपोटी घेणं उत्तम हे खरं, पण मळमळून उलटी होत असेल तर दोन बिस्किटांबरोबर घेतलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा कितीतरी चांगली. पिणाऱ्यांमध्ये दर भेटीला डोळे पिवळे झालेत का ते बघा, भूक विचारा. क्षयाच्या औषधांतल्या आयसोनियाझिडबरोबर पायरिडॉक्सिन (व्हिटॅमिन बी६) आहे का ते तपासा, कारण कुपोषण आणि दारू दोन्ही असलेल्या माणसाच्या नसा आधीच थकलेल्या असतात.

क्षयाच्या औषधांतली रिफॅम्पिसिन दुसऱ्या औषधांची ताकद खाते. गर्भनिरोधक गोळ्या तिच्यासोबत भरवशाच्या राहत नाहीत. रस्त्यावर राहणाऱ्या बाईला गर्भनिरोधनाबद्दल विचारायचंच राहून जातं. तुम्ही विचारा, बाजूला नेऊन. सरकारी केंद्रात तीन महिन्यांतून एकदा मोफत मिळणारं 'अंतरा' इंजेक्शन रिफॅम्पिसिनबरोबरही चालतं, आणि त्याला लपवून ठेवायचं पाकीट नसतं. एचआयव्हीची रोजची एक गोळी घेणाऱ्या रुग्णाला क्षयाचं औषध सुरू झालं तर त्या गोळीतल्या डोलुटेग्राव्हिरचा बारा तासांनी आणखी एक डोस लागतो. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राला त्याच दिवशी कळवा. आणि एचआयव्ही हा शब्द कुणी उचलून वाचेल अशा कागदावर लिहू नका.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णाला उपचारादरम्यान महिन्याला पैसे मिळतात. २०१८ साली ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४पासून १,००० आहेत. ते बँक खात्यात येतात, आणि इथेच आमचे रुग्ण अडकतात. खातं उघडायला निवाऱ्यातल्या कार्यकर्त्याची मदत घ्या, पण खातं होईपर्यंत औषध थांबवू नका. गोळ्या समोर घ्यायला लावणारा माणूस नातेवाईकच हवा असं नाही. आमच्याकडे पानवाले आहेत, शौचालयाचे राखणदार आहेत, फुलवाल्या मावशी आहेत. सकाळी दुकान उघडताना माणसाला हाक मारायची आणि गोळी देऊन पाणी पाजायचं, एवढंच त्यांचं काम. ते त्यांच्याइतकं नेमाने आपल्या कुणाच्याच्याने होत नाही. गावी जायचं ठरलं तर क्षयरुग्णांची नोंद असलेल्या निक्षय पोर्टलवर बदली करून द्या आणि वाटेतल्या दिवसांच्या गोळ्या हातात द्या.

मनाचे आजार

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नीट वाचून ठेवा. बेघर माणसाला मानसिक आजाराचे उपचार मोफत मिळण्याचा हक्क त्यात आहे. भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेतलं तर २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेलं पाहिजे, हेही आहे. ठाण्यात हे कलम शांतपणे दाखवलं की मदत मिळते.

चहात गोळी घालून देऊ नका. नातेवाईक, दुकानदार, कधी कार्यकर्तेही प्रेमापोटी हे सुचवतात. ज्याला आधीच वाटतंय की लोक आपल्यावर विषप्रयोग करताहेत, त्याला एकदा चहात कडू चव लागली तर तो पुन्हा कुणाच्या हातचं काहीच खाणार नाही. आठवडे लागले तरी चालतील, आधी नुसतं बसा, नाव विचारा, जखम धुऊन द्या. गोळी नंतर.

तयार झाला की मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने तोंडात विरघळणारी ओलान्झापिन सोपी जाते. लांब टिकणारं इंजेक्शन, उदाहरणार्थ फ्लुफेनाझिन डेकानोएट, दोन ते चार आठवड्यांतून एकदा द्यावं लागतं, आणि सामान जाण्याचा प्रश्नच मिटतो. पण पहिला डोस लहान द्या आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा जाऊन माणसाला बघा. अंग आखडणं, जिभेला लचका, एका जागी न बसवणं हे झालं तर रस्त्यावर त्याचा अर्थ लोक 'वेड वाढलं' असा घेतात आणि मारतातही. उन्हाळ्यात या औषधांनी शरीराला उष्णता बाहेर टाकणं कठीण होतं, म्हणून दुपारची सावलीची जागा आणि पाणी ठरवून द्या. लिथियम रस्त्यावर सुरू करू नका. रक्ततपासणी नियमित होत नाही आणि पाणी कमी पडलं की पातळी चढते.

डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. कर्जतच्या त्यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेत रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार होतात आणि बरी झालेली माणसं दूरदूरच्या गावी घरी पोचवली जातात. तुमचाही रुग्ण एक दिवस घरी जाईल असं धरून त्याच्या कागदावर औषधाचं मूळ नाव, डोस आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख स्पष्ट लिहा. कंपनीचं नाव त्याच्या तालुक्यात कुणाला माहीत नसेल.

बाजारभाव असलेली औषधं

नायट्रॅझेपाम रस्त्यावर 'बटन' म्हणून विकली जाते, अल्प्राझोलॅमला मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडोल, प्रीगॅबालिन, ट्रायहेक्सिफेनिडिल या सगळ्यांना गिऱ्हाईक आहे. हे रुग्णावर संशय घेण्यासाठी सांगत नाही. ज्याच्याकडे या गोळ्या आहेत हे चौघांना कळलं, तो रात्री मार खातो. म्हणून पर्याय असेल तर दुसरं औषध द्या, नसेल तर दोन-तीन दिवसांपुरत्याच गोळ्या द्या आणि चारचौघांत देऊ नका. दारू एकदम सोडताना हात थरथरणं, भास होणं, झटके येणं दिसलं तर क्लोरडायझेपॉक्साइडची स्ट्रिप हातात देऊन निघून येऊ नका. दाखल करा, आधी थायमिन (व्हिटॅमिन बी१) द्या.

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास, जेरबाई वाडिया रस्त्यावर, बिहार, उत्तर प्रदेश, बंगालहून आलेली कर्करोगाची कुटुंबं फुटपाथवर राहतात. घर आहे, पण दीड-दोन हजार किलोमीटर लांब. त्यांच्याकडे मॉर्फिन असतं, आणि ते असलंच पाहिजे. चोरीच्या भीतीने ते कमी करू नका. तपासणीच्या कागदाची प्रत आणि गोळ्या एकाच छोट्या पिशवीत, गळ्यात किंवा कमरेला, झोपतानाही. मॉर्फिनने पोट घट्ट होतं, म्हणून पोट साफ करणारं औषध पहिल्या दिवसापासून हवं, बिसाकोडिलसारखं. इसबगोल नको, त्याला भरपूर पाणी लागतं. बिसाकोडिल रात्री झोपताना घेतलं की सकाळी, शौचालय उघडं असताना, पोट साफ होतं. फेंटानिल या वेदनाशामकाची पट्टी लावलेली असेल तर ती उन्हात तापू देऊ नका, उष्णतेने औषध जास्त वेगाने शरीरात जातं.

चिठ्ठी

लिहिण्याआधी पिशवी उलटी करून बघा. वेगवेगळ्या ठिकाणच्या तीन कागदांवर तीन कंपन्यांची पॅन्टोप्राझोल सापडणं नेहमीचं आहे. नको ते काढून टाका, मगच नवं लिहा. जवळच्या दवाखान्यात आज काय शिल्लक आहे ते फार्मासिस्टला विचारून लिहा. 'बाहेरून घ्या' म्हटलेलं औषध घेतलं जात नाही.

वेळ घड्याळाची लिहू नका. 'शटर उघडताना', 'दुकानं बंद झाल्यावर' असं सांगा, सोबत सूर्य आणि चंद्र काढा. फुटपाथवर आडवं व्हायला दुकानं बंद झाल्यावरच मिळतं, त्यामुळे रात्रीच्या गोळीची वेळ तीच. पत्त्याच्या रकान्यात 'बेघर' लिहून सोडू नका. पुलाचा कितवा खांब, कुठल्या टपरीसमोर, कोण ओळखतं, हे लिहा. आणि कागदाचा फोटो काढून ठेवा.

एका वेळी आठवड्याचं औषध द्या आणि दर आठवड्याला त्याच वारी, त्याच जागी जा. हरवलं म्हणाला तर पुन्हा द्या. जो रागावतो त्याच्याकडे पुढच्या वेळी रुग्ण येत नाही.

खंड पडून परत आल्यावर

माणसं नाहीशी होतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत येतात. जुनी चिठ्ठी तशीच पुन्हा उतरवू नका. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन दाब मोजून त्याच डोसवर सुरू करता येतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं, लहान डोसपासून. इन्सुलिनही कमी करून, कारण मधल्या काळात जेवण बदललेलं असतं. क्षयाचं औषध महिनाभर सुटलं असेल तर स्वतः सुरू करू नका. थुंकी पुन्हा तपासून रिफॅम्पिसिनला प्रतिरोध आहे का ते पाहावं लागतं, तेव्हा केंद्रात सोबत घेऊन जा. फिट्स आणि मनाच्या आजारात दिली जाणारी लॅमोट्रिजिन पाच-सहा दिवसांहून जास्त सुटली असेल तर पुन्हा अगदी लहान डोसपासून चढवावी लागते, नाहीतर अंगावर जीवघेणा पुरळ येऊ शकतो. मनाच्या आजारावरची क्लोझापिन ४८ तासांहून जास्त सुटली तर १२.५ मिलिग्रॅमपासून, तेही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. मॉर्फिनमध्ये सर्वांत सांभाळून राहा: काही दिवस न घेतल्यावर शरीराची सवय गेलेली असते आणि जुना डोस श्वास थांबवू शकतो. दुखणं डोळ्यांना दिसत असलं तरी अंदाजाने डोस ठरवू नका. त्याच संध्याकाळी रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागाशी बोला, त्यांनी सांगितलेला पहिला डोस समोर द्या, आणि श्वास मोजत तासभर तिथेच थांबा.